बाळाचा घास आणि मोठ्यांचा आग्रह

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी व्याख्यानाचा विषयही प्रसंगाला साजेसा भारदस्त असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. बृहन्महाराष्ट्रातील मराठी भाषेचे भवितव्य, जबलपूरच्या जडणघडणीतील मराठी माणसाचा वाटा, असे विषय या व्यासपीठाला शोभून दिसतात. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच स्वयंपाकघरातला आहे. एक ते तीन वर्षांचे मूल जेवत नसेल तर घरच्यांनी काय करावे, एवढाच तो आहे. परंतु आज या सभागृहात बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येऊन गेलेला आहे, काहींच्या घरात तो आज दुपारीही आला असेल. आणि त्यापायी घराघरांतून जितके अश्रू सांडतात तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या कारणाने सांडत असतील. त्यात बाळाचे अश्रू असतात, तसे त्याच्या आईचेही असतात. म्हणून हा विषय क्षुल्लक मानू नये, अशी माझी प्रारंभीच विनंती आहे.

आग्रह हा आपल्या लोकरीतीतील एक गुण मानला जातो. पंगतीत वाढप्याने जिलबीचा आग्रह करावा, पाहुण्याने पानावर आडवा हात धरावा, आणि तरीही बोटांच्या फटीतून एक जिलबी पानात पडावी, यात यजमानाचे प्रेम असते आणि पाहुण्याचा मान असतो. पण हा खेळ दोन प्रौढांमधला आहे. पाहुणा हात जोडून उठू शकतो, आणि उद्या त्याला त्या घरी जेवायचे नसते. दीड वर्षाच्या मुलाला यांतले काहीच शक्य नसते. त्याला तोंड मिटता येते, मान फिरवता येते आणि घास बाहेर काढता येतो. नकार देण्याची एवढीच तीन साधने त्याच्यापाशी आहेत. ती तिन्ही आपण उद्धटपणाच्या सदरात टाकतो, आणि पंगतीतला आग्रह त्याच्या वाटीपर्यंत आणतो. तिथून पुढे घरात रोज तीन वेळा एक लहानसे युद्ध सुरू होते.

या युद्धाचे पहिले कारण एक गैरसमज आहे. "वर्षाचा होईपर्यंत छान जेवत होता, आता अन्नावरची वासनाच गेली," अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ही तक्रार खरी असते. तिचा काढलेला अर्थ मात्र बहुधा चुकतो. थोडे गणित करून पाहू. निरोगी बाळ जन्मतः साधारण ३ किलोचे असते. पाच-सहा महिन्यांत हे वजन दुप्पट होते आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट, म्हणजे ९ किलोंच्या आसपास जाते. याचा अर्थ पहिल्या वर्षात बाळाने आपल्या अंगी ६ किलोंची भर घातली. दुसऱ्या वर्षात ही भर अडीच किलोंच्या आसपास असते, आणि त्यानंतर दरवर्षी दोनेक किलोंची. वाढीचा वेगच निम्म्याहून खाली आला, तर त्या वेगासाठी लागणारी भूक तशीच कशी राहील? शिवाय पहिल्या वर्षात मांडीवर असलेले मूल आता चालू लागलेले असते. दार, नळ, मांजर, आजोबांचा चष्मा, या साऱ्यांनी भरलेले जग त्याच्यासमोर उघडलेले असते. अशा वेळी एका जागी बसून वीस मिनिटे घास घेत राहणे त्याला शिक्षा वाटली तर नवल नाही.

त्यात आपण वाढतो किती, हेही पाहिले पाहिजे. या वयासाठी एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा, या प्रमाणात पानात घालावा. मुलाने आणखी मागितले तर आणखी द्यावा. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. आपण मात्र वाटीभर भात कालवून बसतो आणि अर्धी वाटी उरली की मूल उपाशी राहिले म्हणून हळहळतो. मूल पोटभर जेवलेले असते; उपाशी राहिलेली असते ती आपली अपेक्षा.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. सहा-सात महिन्यांचे बाळ हातात येईल ते तोंडात घालते. तेच बाळ दीड-दोन वर्षांचे झाले की नव्या पदार्थाकडे संशयाने पाहू लागते. काल आवडीने खाल्लेली पालकाची भाजीही आज नाकारते. ही वृत्ती साधारणतः दुसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत प्रबळ असते, आणि जगभरच्या मुलांमध्ये आढळते. शास्त्रज्ञ तिचा असा अर्थ लावतात की, मूल आईच्या नजरेआड चालत जाऊ लागते त्याच वयात त्याला अनोळखी पाल्याची आणि फळाची भीती वाटणे, हे एके काळी त्याच्या जिवाचे रक्षण करणारे होते. कडू चव म्हणजे विष आणि गोड चव म्हणजे अन्न, हा धडा ते जन्मतःच घेऊन आलेले असते. तेव्हा मेथीची भाजी थुंकणारे मूल हट्टी नसते. निसर्गाने त्याला दिलेली सावधगिरी ते पाळत असते.

ही सावधगिरी कशाने सैल होते, याचा शोध अमेरिकेतील लीअन बर्च या विदुषींनी घेतला. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना काही अनोळखी पदार्थ चाखायला दिले गेले. काही पदार्थ दोनच वेळा, काही पाच वेळा, काही दहा, पंधरा आणि वीस वेळा. जो पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला गेला तितका तो अधिक आवडू लागला. पुढील प्रयोगांतून असेही दिसले की, पदार्थ केवळ डोळ्यांनी पाहून भागत नाही. जिभेला त्याची ओळख व्हावी लागते. चिमूटभर पुरते, पण पुन्हा पुन्हा व्हावे लागते. याच विदुषींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. "हे संपवलेस तर ते देईन," असे आमिष दाखवून जो पदार्थ मुलांच्या गळी उतरवला, तो त्यांना नंतर अधिक नावडता झाला. मुलाचे तर्कशास्त्र सरळ आहे. ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू चांगली कशी असेल?

आपल्या घरातील वहिवाट याच्या नेमकी उलट असते. दोडक्याची भाजी दोन वेळा नाकारली की, "याला दोडका आवडत नाही," असा शिक्का बसतो, तो पाहुण्यांसमोर जाहीर होतो, आणि दोडका त्या मुलाच्या पानातून कायमचा जातो. तिसऱ्या वेळी थांबणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की अजून दहा-बारा वेळा बाकी आहेत. या प्रत्येक वेळी काही बोलू नये, कौतुक करू नये, रागावू नये. पानाच्या कडेला एक लहानशी फोड ठेवावी आणि आपण आपली भाजी चवीने खावी. मूल पाहत असते.

चवीची ही ओळख तर जन्माआधीच सुरू होते. ज्युली मेनेला यांनी २००१ साली असे दाखवून दिले की, गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत किंवा अंगावर पाजत असताना ज्या मातांनी गाजराचा रस नियमाने घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेले अन्न अधिक सहजपणे स्वीकारले. हिंग-जिऱ्याची फोडणी, गोडा मसाला, लसूण यांची पुसटशी ओळख बाळाला आईकडूनच होत असते, असे म्हणायला यामुळे आधार मिळतो. जबलपुरात जन्मलेल्या मुलाला आमटीची गोडी लागण्याचा प्रारंभ उष्टावणाच्या कितीतरी आधी झालेला असतो.

उष्टावणाचा उल्लेख आला म्हणून सांगते. सुश्रुतांनी सहाव्या महिन्यात बाळाला हलके आणि हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर वरचे अन्न, अशी शिफारस केली आहे. इतक्या शतकांचे अंतर असूनही दोन्ही मते सहाव्या महिन्यापाशी येऊन मिळतात. त्यातील 'हलके' आणि 'हितकर' ही दोन विशेषणे आपण विसरू नयेत. प्रमाणाविषयी तिथे आग्रह नाही.

मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवायचा तो किती, असा प्रश्न आता कोणीही विचारील. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक धाडसी प्रयोग क्लारा डेव्हिस या डॉक्टर महिलेने अमेरिकेत १९२६ च्या सुमारास आरंभिला आणि १९३९ मध्ये त्याचा समग्र वृत्तान्त मांडला. अंगावरचे दूध नुकतेच सुटलेल्या १५ बालकांपुढे ३४ प्रकारच्या अन्नांतून निवडलेले पदार्थ दरवेळी मांडले जात. परिचारिकांना ताकीद होती की, चमचा हातात घेऊन शांत बसावे. मूल ज्या पदार्थाकडे हात करील तोच द्यावा. अमुक घे म्हणू नये, अमुक नको म्हणू नये. मुलांची जेवणे विचित्र होती. एखाद्याने सकाळी संत्र्याचा रस आणि काळीज, तर दुसऱ्याने रात्री अंडी, केळी आणि दूध, असा बेत केला. कोणत्याही दोन मुलांचा आहार सारखा नव्हता, आणि कोणत्याही मुलाचे दोन दिवस सारखे नव्हते. असे असूनही सर्व मुले सुदृढ झाली. मुडदूस झालेल्या एका बालकापुढे कॉड माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. बरे होईपर्यंत ते बालक कमीजास्त प्रमाणात ते तेल पीत राहिले, आणि बरे झाल्यावर त्याने ते सोडले.

या प्रयोगाचा अर्थ 'मुलाला जे हवे ते द्या' असा घेणारे पुष्कळ निघाले. डेव्हिसबाईंनी स्वतःच त्यांना उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार सारी किमया त्या ३४ पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काहीही नव्हते. मूल जे काही निवडील ते चांगलेच असेल, अशी व्यवस्था मोठ्यांनी आधीच केलेली होती. बिस्किटे, कुरकुरीत पाकिटे आणि वरण-भात, अशा तीन वस्तू समोर मांडून मुलाच्या शहाणपणाची परीक्षा घेणे हा अन्याय आहे.

येथून आपल्याला व्यवहाराचे सूत्र मिळते, आणि ते १९८० च्या दशकात एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ महिलेने फार नेमकेपणाने मांडले. त्यांच्या मते जेवणाच्या कामाची वाटणी व्हावी. काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कुठे बसून द्यायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. मोठ्यांनी मुलाच्या कामात हात घालू नये आणि मुलाला मोठ्यांच्या कामात घालू देऊ नये. बहुतेक घरांत ही वाटणी उलटी झालेली आढळते. काय हवे ते मूल ठरवते, पाव हवा तर पाव आणि बिस्कीट हवे तर बिस्कीट. आणि किती खायचे ते मात्र आजी ठरवते.

हे सूत्र आचरायचे तर आधी वेळापत्रक लागते. या वयाच्या मुलाला दिवसातून तीन-चार जेवणे आणि मधे एक-दोनदा थोडा खाऊ पुरतो. दोन वेळांच्या मधे पाण्याखेरीज काही नसावे. ज्या मुलाच्या हातात दर तासाला बिस्कीट पडते, त्याला भूक नावाच्या अनुभवाची ओळखच होत नाही. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण ज्यांनी रचली त्यांनी लहान मुले जवळून पाहिली असावीत. दुधाचेही तेच. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध देऊ नये. बाटलीभर दूध दर तीन तासांनी पिणारे मूल जेवत नाही, आणि जेवत नाही म्हणून त्याला आणखी दूध दिले जाते, हे चक्र घरोघरी फिरते आहे. दुधात लोह जवळजवळ नसते. त्यामुळे अशी मुले वरकरणी बाळसेदार दिसली तरी रक्ताने फिकी असतात.

नंतर जागा. मुलाच्या मागे वाटी घेऊन अंगणभर फिरणे, काऊ-चिऊ दाखवत एकेक घास भरवणे, हे आपल्या वात्सल्याचे चित्र आहे, आणि त्यात गोडवाही आहे. चिमणी पाहत दोन घास हसत खाल्ले तर कोणाचे काही बिघडत नाही. आता चिमणीची जागा मोबाइलने घेतली आहे आणि तिथे मात्र बिघडते. पडद्यावर नजर खिळलेल्या मुलाच्या उघड्या तोंडात घास जातात. त्याची चव, वास, पोट भरल्याची जाणीव यांतले काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. जेवण उरकते, जेवायला शिकणे राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये, असे सुचवले. त्या तासात जेवणाची वेळ नसावी.

मुलाला घरातल्या माणसांबरोबर, एकाच पंगतीत, त्याचे स्वतःचे लहान ताट देऊन बसवावे. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलावे, उरले असले तरी उचलावे, आणि उचलताना चेहऱ्यावर नाराजी नसावी. पुढच्या ठरल्या वेळी पुन्हा वाढावे. पानात एक तरी ओळखीचा, हमखास खाल्ला जाणारा पदार्थ ठेवावा. मग त्याच्या सोबतीने अनोळखी पदार्थ सुसह्य होतो. मऊ भात आणि मेतकूट आवडत असेल तर त्याच्या कडेला शिजवून कुस्करलेले गाजर ठेवावे.

आपल्या जबलपूरला तर या बाबतीत निसर्गाचे वरदान आहे. हिवाळ्यात पाटण-शहपुऱ्याकडून मटारांच्या राशी शहरात येतात. येथील कृषि विद्यापीठाने विकसित केलेले 'जवाहर मटर' वाण दूरवर पोचले आहे. सिहोऱ्याकडचे शिंगाडे आहेत. इथे ज्याला बिही म्हणतात तो पेरू आहे. मंडला-दिंडोरीच्या डोंगरांतून गोंड आणि बैगा शेतकऱ्यांची कोदो-कुटकी येते, आणि आपल्या नाचणीच्या पेजेसारखीच तिची पेज होते, मऊ खिचडीही होते. मटाराची उसळ बाळासाठी बिनतिखट काढावी, शिंगाड्याच्या पिठाचा पातळ शिरा करावा, थालिपिठाच्या भाजणीत थोडी कुटकी घालावी. पोहे तर इकडे आणि तिकडे दोन्हीकडचे. त्यावर लिंबू पिळल्याने अन्नातील लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणाबरोबर दिलेला चहा नेमका याच्या उलट करतो; म्हणून बशीतला घोटभर चहाही बाळाला देऊ नये. एक धोक्याची सूचना येथेच देते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्चे मटार, अख्खी द्राक्षे या गोल, निसटत्या वस्तू चार वर्षांपर्यंत मुलाच्या हाती देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकतात. मटार शिजवून, बोटाने चेपून द्यावेत. आणि रडत्या मुलाच्या तोंडात, नाक दाबून वा हात धरून, घास कधीही कोंबू नये. त्यात केवळ क्रौर्य नाही, प्राणाची भीती आहे.

मुलाने आपल्या हाताने खावे, सांडावे, माखून घ्यावे, याला घरातील स्वच्छताप्रिय मंडळींची हरकत असते. त्यांना मी ताराबाई मोडकांची आठवण देते. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई त्या कार्यात सहभागी झाल्या, पुढे नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत अग्रभागी राहिल्या, आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. आदिवासी पाड्यांतली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडीची कल्पना तेथे आकाराला आली. या साऱ्या परंपरेचा गाभा असा की, लहान मूल हे स्वतंत्र व्यक्ती आहे आणि स्वतःच्या हातांनी केल्याखेरीज ते काही शिकत नाही. गुंडी लावणे आपण त्याला शिकू देतो, पाटीवर रेघोट्या ओढू देतो. वरण-भाताचा घास उचलणे हेदेखील शिक्षण आहे, आणि त्याची फी चार सांडलेली शिते एवढीच आहे.

आता ज्या बाजूकडे दुर्लक्ष करता येणार नाही तिच्याकडे वळते. मुलावर विश्वास ठेवा असे म्हणताना डोळे मिटून घ्या असे मला म्हणायचे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० बालकांपैकी ६७ बालकांना रक्तक्षय आहे, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या १०० बालकांपैकी केवळ ११ बालकांना पुरेसा आहार मिळतो. हे आकडे इतके मोठे आहेत की ते फक्त गरिबांच्या झोपड्यांतले म्हणून आपल्याला बाजूला सारता येत नाहीत. रक्त कमी झाले की भूक मंदावते आणि भूक मंदावली की रक्त आणखी कमी होते. म्हणून न जेवणारे मूल फिके दिसत असेल, चिडचिडे झाले असेल, माती किंवा भिंतीचा चुना खात असेल, तर आधी त्याचे रक्त तपासून घ्यावे. २०१८ पासूनच्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देण्याची योजना आहे, आणि जंताच्या गोळ्यांचा राष्ट्रीय दिवस २०१५ पासून पाळला जातो. आपल्यासारख्या सुस्थित घरांनी या गोष्टी आपल्यासाठी नाहीत असे मानू नये.

खेरीज मुलाचे वजन काही महिने वाढलेच नाही किंवा घटले, खाताना ते वारंवार ठसकते, चावावे लागणारे अन्न त्याला मुळीच गिळता येत नाही, उलट्या वा जुलाब थांबत नाहीत, किंवा खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी आटत आटत चार-पाच वस्तूंवर आली, तर शेजारणीचा सल्ला पुरणार नाही, डॉक्टरांकडेच जावे. वजन मात्र मुलाच्या स्वतःच्या वाढरेषेवर पाहावे, शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करून पाहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले वाढीचे तक्ते सहा देशांतील मुलांवरून तयार झाले आहेत, आणि त्यांत दिल्लीची मुलेही आहेत. आपले मूल त्या तक्त्यावर आपली वाट धरून चढत असेल, तर त्याने आज दोन घास कमी खाल्ले म्हणून रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही.

आपल्या राज्यातील पोषण पुनर्वसन केंद्रांत अति कुपोषित बालक आले की त्याची भूक-चाचणी घेतली जाते. त्याच्यापुढे ठरावीक अन्न ठेवतात आणि ते किती खाते हे पाहतात. उपाशी मूल तुटून पडेल असे आपल्याला वाटते; पण कुपोषण फार वाढले की भूकच विझते, आणि अन्न नाकारणे हे तिथे गंभीर आजाराचे लक्षण ठरते. आपल्या घरातले मूल घास नाकारते तेव्हा बहुधा त्याचे पोट भरलेले असते. नकार तोच, अर्थ किती वेगळा! आपल्या वाट्याला आलेल्या नकाराचा अर्थ किती भाग्याचा आहे, हे एकदा मनात आणले तर बराचसा राग आपोआप निवतो.

आता दोन शब्द आईविषयी. मूल जेवले नाही की दोष कोणाचा, याचा निकाल आपल्या समाजात खटला चालवण्यापूर्वीच लागलेला असतो. "आमची मुले कशी बशीभर खायची," हे वाक्य सासूबाई सहज बोलून जातात, माहेरहून फोनवर आईही तेच विचारते, आणि नवऱ्याने कामावरून आल्यावर केलेला पहिला प्रश्नही तोच असतो, "जेवला का?" १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एका प्रांतात होते. रेल्वे, १९०४ साली उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना, न्यायालये आणि शाळा यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे आली. तेव्हा क्वार्टरमध्ये एकट्या पडलेल्या सुनेला बाळाच्या वाटीपाशी हात देणारे कोणी नसे. आज येथल्याच मुली बंगळूरला, मस्कतला, अमेरिकेत संसार करीत आहेत, आणि तिथे तर शेजारीणही नाही. अशा आईला सल्ल्यापेक्षा दिलासा हवा असतो. घरच्या मोठ्यांनी तिला एवढेच म्हणावे, "आज नाही जेवला तर उद्या जेवेल, तू जेवलीस का?" या एका प्रश्नाने घरातले निम्मे युद्ध थांबेल, अशी माझी खात्री आहे. आणि बाबांनीही प्रश्न विचारण्याऐवजी एक वेळ वाटी हातात घ्यावी.

शेवटी, हा विषय मराठी मंडळाच्या व्यासपीठावर का, याचे उत्तर देणे प्राप्त आहे. आपली मुले रस्त्यावर, शाळेत आणि खेळाच्या मैदानावर हिंदी बोलतात. ते योग्यच आहे, ती या भूमीची भाषा आहे. मराठी त्यांना बहुतांशी एकाच ठिकाणी भेटते, आणि ते ठिकाण म्हणजे जेवणाचे ताट. मम्म, भू, वरण, तूप, पोळी, साखरभात हे शब्द त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळत नाहीत. ते घासाबरोबर जातात. त्याच ताटापाशी मुलाच्या कानावर रोज "गीळ लवकर," "सांडू नकोस," "संपवल्याशिवाय उठायचे नाही," एवढीच मराठी पडली, तर त्याच्या लेखी ही भाषा जबरदस्तीची होईल. आणि त्याच ताटापाशी आजीने कोकणातल्या भातखाचरांची हकीगत सांगितली, आजोबांनी आमटी भुरकून "वा!" म्हटले, तर दोडका पोटात जाईल न जाईल, मराठी मात्र नक्की जाईल. नातवंड वरण-भात खात नाही म्हणून ज्यांच्या जिवाला घोर लागतो, त्यांचे दुःख मी समजू शकते. त्या नकारात त्यांना आपले सारे मागचे नाते नाकारल्यासारखे वाटते. त्यांनी धीर धरावा. दोन वर्षांचे मूल कुलपरंपरा नाकारीत नसते, ते एवढा एक घास नाकारीत असते. तो घास पुन्हा वाढता येतो. उद्या, परवा, दहा वेळा, पंधरा वेळा. त्यासाठी आपण आणि आपले ताट तिथे असले पाहिजे, आणि त्या ताटाभोवती बसावेसे त्याला वाटले पाहिजे.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत या सभागृहात जे बसणार आहेत ते आज दीड-दोन वर्षांचे आहेत, आणि बहुधा या क्षणी कोणाच्या तरी हातातली वाटी ढकलून देत आहेत. त्यांच्या वाटीत प्रेमाने वाढू या, आणि मग हात मागे घेऊ या.